रोज सकाळची उलटी – पित्तच कशावरून?

मुलगा सकाळी उठतो, डोकं धरून बसतो, एकदा भडभडून ओकतो आणि मग खुशाल खेळायला पळतो. आपण काय म्हणतो? पित्त! नाही तर शाळा बुडवायचं निमित्त. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण हेच रोज होऊ लागलं, चालताना झोक जाऊ लागला, डोळा तिरळा दिसू लागला, तर आल्याचा रस बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना गाठा. रात्रभर आडवं झोपल्यावर डोक्यातला दाब वाढतो, म्हणून हा त्रास सकाळचा. मुलांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल क्रम लागतो तो मेंदूच्या गाठींचा. अर्थात, प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते.

“ही पसरते का हो?” असं आया विचारतात, तेव्हा निम्मी भीती धाकट्या भावंडाची असते. त्याला ती लागत नाही. खुशाल एका ताटात जेवू द्या. शरीरात मात्र काही गाठी पसरतात. लहान मेंदूत होणारी मेड्युलोब्लास्टोमा ही त्यांतलीच. मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याभोवती पाण्यासारखा द्रव खेळत असतो. त्यातून तिच्या पेशी खाली उतरतात. म्हणून दुखतं डोकं, पण एमआरआय पाठीचाही काढतात. उगीच खर्चात पाडतात असं समजू नका!

शस्त्रक्रियेनं गाठ निघते, पोर हसू लागतं, आणि इथेच काही आईबाप पुढचे उपचार सोडून घरी परततात. त्यांचंही खरं असतं. शेत, गुरं, घरी बाकीची मुलं. पण उरलेल्या पेशींसाठीच तर किरण आणि औषधं असतात. तीन वर्षांखालच्या बाळांना किरण शक्यतो टाळतात, कारण वाढत्या मेंदूला ते सोसत नाहीत. खारघरच्या टाटा केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन किरण देतात. त्यांची आजूबाजूच्या भागाला झळ कमी लागते.

निमोण्यासारख्या गावाहून आधी शिरूर, मग पुणे, प्रसंगी मुंबई. पैशांसाठी लगेच दागिने मोडू नका. आधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा, रेशनकार्ड आणि आधार जवळ असू द्या. १९४१ पासून चालू असलेल्या परळच्या टाटा रुग्णालयात समाजसेवकांना भेटा. सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत अशा मुलांची आईबापांसह मोफत राहायची सोय होते. जागा आहे का, तेही तिथेच विचारा.

घरी आल्यावर पोर अभ्यासात मागे पडू शकतं, उंचीही कमी वाढू शकते. बाईंना सांगून पुढच्या बाकावर बसवा, आणि थायरॉइडची तपासणी चुकवू नका.