गोऱ्ह्यांचा हिशेब कुणाच्या वहीत?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातला संकरित आणि विदेशी गोवंश ५ कोटी ४ लाख भरला. त्यात माद्या ४ कोटी ७० लाखांच्या घरात आणि नर जेमतेम ३५ लाख. म्हणजे साडेतेरा माद्यांमागे एक नर. निसर्ग असा पक्षपात करत नाही. शंभर गायी व्यायल्या की साधारण पन्नास कालवडी होतात आणि पन्नास गोऱ्हे. मग उरलेले गोऱ्हे गेले कुठे?

देशी आणि संकरित असा सगळा गोवंश एकत्र धरला तरी चित्र फारसं बदलत नाही. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत गायींची संख्या १८ टक्क्यांनी वाढून साडेचौदा कोटींवर गेली. त्याच काळात नर ३० टक्क्यांनी घटले, ६ कोटी ७९ लाखांवरून ४ कोटी ७४ लाखांवर आले. दोन कोटींची ही घट कुठल्या साथीनं झालेली नाही, दुष्काळानंही नाही. ती दुधाच्या धंद्यातून आली आहे, आणि तो धंदा समजून घ्यायला अहिल्यानगरइतका चांगला जिल्हा नाही.

क्षेत्रफळानं हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. गोवंश दहा लाखांहून अधिक, आणि संकरित गायींच्या संख्येत तो राज्यात आघाडीवर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ इथेच घडवली. संगमनेर, कोपरगाव, राहाता, राहुरी या पट्ट्यात ऊस, घास, मका आणि मुरघास यांच्या जोरावर दावणीला दोन-चार ‘जर्सी’ नाहीत असं घर शोधावं लागेल. गाय होल्स्टीनची असली तरी गोठ्यात तिला जर्सीच म्हणतात. ती व्याली की शेजारी पहिला प्रश्न विचारतात, ‘काय झालं?’ कालवड झाली म्हटलं की चेहरे उजळतात. गोऱ्हा झाला म्हटलं की विषय तिथंच संपतो.

याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगड-कळसूबाईच्या उतारावर हा प्रश्न अगदी उलटा होता. तिथली डांगी गाय दोन-तीन लिटर दूध देते. पण तिचा गोऱ्हा धो-धो पावसात, चिखलात भाताची खाचरं नांगरतो. तेलकट कातडीमुळे पाऊस त्याच्या अंगावर ठरत नाही. डांगी गाय पाळायची ती बैलासाठी, दूध वरकड. संकरित गायीनं हे उलटं केलं. तिच्या गोऱ्ह्याला जू अडकवायला नीट वशिंड नाही आणि एप्रिलच्या उन्हात तो तासाभरातच धापा टाकतो. शिवाय आता नांगरायला ट्रॅक्टर आहे. म्हणून गायीचं दूध पाच पटींनी वाढलं, तसं तिच्या अर्ध्या संततीचं काम संपलं.

आता एका गोऱ्ह्याचा हिशेब मांडू. जन्मताना वजन ३५ किलोच्या आसपास. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे रोज साडेतीन लिटर दूध त्याला पाजलं तर तीन महिन्यांत ३१५ लिटर होतं. जुलै २०२४ मध्ये सरकारनं दूध संघांनी द्यायचा दर लिटरला ३० रुपये ठरवला. त्या दरानं हे दूध ९,४५० रुपयांचं. कालवडीच्या बाबतीत हीच गुंतवणूक दोन-अडीच वर्षांनी फळते, कारण चांगल्या गाभण कालवडीला पन्नास हजारांच्या पुढे भाव मिळतो. तीन महिन्यांच्या गोऱ्ह्याला ९,४५० देणारं गिऱ्हाईक बाजारात नाही. त्यामुळे पहिले काही दिवस चीक पाजला की त्याच्या वाट्याचं दूध डेअरीच्या कॅनमध्ये जातं. उपाशी वासरू हगवणीनं मरतं, आणि त्याची नोंद कुठेही होत नाही.

विचित्र गोष्ट अशी की मेलेल्या वासराला सरकारी किंमत होती. २०२२ मध्ये जनावरांत लम्पी चर्मरोग आला तेव्हा राज्यानं नुकसानभरपाई जाहीर केली ती अशी: दुभत्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये. जिवंत गोऱ्ह्याला मात्र असा कुठलाच दर लागू नव्हता.

पूर्वी बाजारात एक किंमत होती, ती मांसाची. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यानं गायीच्या कत्तलीला बंदी होती, पण बैल आणि वळू दाखला घेऊन कापता येत. ही सवलतही काढणारी दुरुस्ती विधिमंडळानं १९९५ मध्ये मंजूर केली. राष्ट्रपतींची संमती मिळाली ती वीस वर्षांनी, आणि ४ मार्च २०१५ पासून कायदा अमलात आला. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगण्यावरची बंदी रद्द केली, कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. म्हैस आणि रेडा या बंदीबाहेर आहेत. म्हणून जिल्ह्यातल्या घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात भाकड म्हशीलाही मोल असतं, आणि ते मोल नव्या म्हशीच्या खरेदीत पडतं. देशानं २०२३-२४ मध्ये निर्यात केलेलं म्हशीचं मांस जवळजवळ १३ लाख टन होतं आणि त्याची किंमत ३१ हजार कोटी रुपये. शेजारच्या दावणीवरच्या गोऱ्ह्याचं मोल मात्र शून्याच्याही खाली, कारण तो जगला तर रोज खर्च मागतो.

तो खर्च किती? याचा दर सरकारनंच एकदा ठरवून दिला आहे. २०१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांना मोठ्या जनावरामागे रोज ९० रुपये मिळत, मे महिन्यात त्याचे १०० झाले. लहान जनावराला ५०. मोठ्या जनावराला हिरवा चारा रोज किमान १५ किलो.

या दरांनी फक्त एक लाख गायींचा हिशेब करून बघू. जिल्ह्यातला गोवंश त्याच्या दहापटींहून जास्त आहे, पण गणित सोपं राहावं म्हणून एवढ्याच. त्या दरवर्षी व्यायल्या तर ५० हजार गोऱ्हे होतील. प्रत्येक गोऱ्हा पंधरा वर्षं सांभाळायचा ठरवला, तर पंधराव्या वर्षी साडेसात लाख नर दावणीला असतील. गायी एक लाख आणि त्यांच्यामागे साडेसात लाख बैल! त्यांना रोज ११,२५० टन हिरवा चारा लागेल. रोज पाच हजार टन गाळप करणाऱ्या दोन साखर कारखान्यांना जेवढा ऊस लागतो, त्याहून हा जास्त. कारखाने चार-पाच महिने चालतात, बैल मात्र वर्षाचे ३६५ दिवस खातात. छावणीच्या दरानं खर्च रोजचा साडेसात कोटी, वर्षाचा २,७३७ कोटी रुपये. त्या लाख गायींनी वेताला साडेतीन हजार लिटर दूध दिलं तर वर्षाला ३५ कोटी लिटर होतं, आणि ३० रुपयांनी त्याचे १,०५० कोटी. थोडक्यात, मुलग्यांना जगवायचं तर आईचं सगळं दूध विकून त्याच्या दीडपटीहून जास्त पैसे वर घालावे लागतील. लिटरमागे हा बोजा ७८ रुपये पडतो.

मधली मरतूक धरा, चारा घरचा धरा आणि खर्च निम्म्यावर आणा, तरी लिटरमागे ३९ रुपये राहतात. दुधाच्या भावापेक्षा जास्तच.

हाच प्रश्न दुसरीकडे कसा सुटतो हे बघायला आयर्लंड सोयीचं आहे. २०११ च्या जनगणनेत अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. त्याच वर्षी आयर्लंड या अख्ख्या देशाची होती ४५ लाख ८८ हजार. गुरं मात्र आज सत्तर लाखांच्या आसपास, माणसांपेक्षा जास्त. वर्षाला सुमारे सहा लाख टन गोमांस तयार होतं आणि त्यातलं जवळजवळ ९० टक्के बाहेर विकलं जातं. इथं योगायोग असा की आपल्याकडे बंदी आली त्याच महिन्यात, ३१ मार्च २०१५ ला, युरोपीय संघानं दुधाच्या उत्पादनावरची कोटा पद्धत उठवली. आयर्लंडच्या दुभत्या गायी वाढत सोळा लाखांवर गेल्या आणि गोऱ्ह्यांचा लोंढा तिथेही आला. बरेच गोऱ्हे मांसासाठी वाढवले जातात. आपल्या लाख गायी आयरिश असत्या तर त्यांच्या ५० हजार गोऱ्ह्यांपासून, नगामागे ३०० किलोनं, १५ हजार टन मांस झालं असतं. इतर गोऱ्हे काही आठवड्यांचे असतानाच जहाजानं फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरतात आणि ट्रकनं नेदरलँड्सला जातात.

नेदरलँड्स क्षेत्रफळानं अहिल्यानगर जिल्ह्याच्या सुमारे अडीचपट आहे. तिथे दरवर्षी सुमारे १५ लाख वासरं कापली जातात. चीज करताना उरणारं पाणी आणि दूध पावडर यांवर वाढवलेल्या या कोवळ्या वासराच्या मांसाला ‘व्हील’ म्हणतात. आठ महिन्यांच्या आतलं वासरू असेल तरच युरोपात ते नाव लावता येतं. न्यूझीलंड याहून घाईत आहे. तिथे वर्षाला १८ ते २० लाख वासरं चार दिवसांची झाल्यावर लगेच कत्तलखान्यात जातात. हे ऐकून अंगावर काटा येतो आणि यावा. तिथल्या लोकांच्याही अंगावर येतो. आठ आठवड्यांवरच्या वासराला एकट्या खोक्यात डांबण्यावर युरोपनं २००७ पासून बंदी घातली ती अशाच दबावामुळे.

पण आपल्याच आकड्यांकडे परत एकदा बघा. देशात ४ कोटी ७० लाख संकरित माद्या. त्यातल्या कालवडी आणि भाकड गायी सोडून, हात आखडून, वर्षाला फक्त दीड कोटी वेतं धरू. गोऱ्हे झाले ७५ लाख. दर वर्षी ७५ लाख जन्म आणि सर्व वयांचे मिळून हजर फक्त ३५ लाख, याचा ढोबळ अर्थ असा की एक संकरित नर सरासरी साडेपाच महिने हजेरीत राहतो. या ३५ लाखांत अनेक वर्षं जगलेले बैल आणि वळूही आहेत, तेव्हा बाकीच्यांचं आयुष्य याहून कमी. आठ महिन्यांच्या मर्यादेत वासरू संपवणारा युरोप आपल्याला निर्दय वाटतो. आपल्या गोऱ्ह्यांची सरासरी त्या मर्यादेच्या आतच आहे. फरक इतकाच की तिकडे वजन, वय आणि भाव यांची नोंद होते, आणि इकडे उपासमार, रस्त्यावर सोडलेली जनावरं आणि रात्रीचे टेम्पो यांची होत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी राज्यभर जनावरांच्या खरेदीवर बहिष्कार घातला, तेव्हा बाजारांत भाकड जनावरांना गिऱ्हाईक मिळेना आणि झाकलेला व्यवहार किती मोठा होता ते शेतकऱ्यांच्याच तोंडून बाहेर आलं.

गोशाळा हा उपाय या आकारमानापुढे टिकत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यानं देशी गायीला राज्यमातेचा दर्जा दिला आणि गोशाळांना देशी गायीमागे रोज ५० रुपये जाहीर केले. जर्सीचा गोऱ्हा देशी नाही आणि गायही नाही.

उरतो तो जन्मच कमी करण्याचा मार्ग. लिंगवर्गीकृत वीर्यमात्रेनं दहापैकी नऊ वेळा कालवड होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला देशी बनावटीचं तंत्र जाहीर झालं आणि त्यामुळे मात्रेचा खर्च दोनशे रुपयांनी कमी होईल असं सांगितलं गेलं. आपल्या लाख गायींना ही मात्रा दिली तर गोऱ्हे ५० हजारांवरून १० हजारांवर येतील आणि लिटरमागचा बोजा ७८ वरून साडेपंधरा रुपयांवर. पण इथे दुसरा आकडा आडवा येतो. कालवडी होतील ९० हजार, आणि लाख गायींचा कळप टिकवायला वर्षाला वीस-पंचवीस हजारच पुरतात. बाकीच्या ६५ हजारांचं काय? त्या काही वर्षं परजिल्ह्यात विकल्या जातील, मग दुधाचा पूर येईल आणि दर पडेल. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि कळप टिकवायला लागतात त्याच्या चौपट-पाचपट वासरं जन्मतात. जगातल्या प्रत्येक दूध धंद्याच्या मुळाशी ही विषमता आहे. मांसाचा रस्ता बंद केलेल्या राज्याला ती दुसऱ्या टोकानं सोडवावी लागेल, म्हणजे कमी गायींत जास्त दूध काढावं लागेल. इस्रायलची गाय वर्षाला बारा हजार लिटरच्या आसपास देते. आपल्या गायीनं साडेतीनऐवजी सात हजार दिलं तर तेवढ्याच ३५ कोटी लिटरला ५० हजार गायी पुरतील. जन्म निम्म्यावर येतील, आणि लिंगवर्गीकृत मात्रा चालू ठेवली तर गोऱ्हे फक्त पाच हजार राहतील. पंधरा वर्षांत ते ७५ हजार होतील आणि त्यांचा आजन्म खर्च लिटरमागे आठ रुपयांच्या आत बसेल.

आठ रुपये हा आकडा भांडता येण्याजोगा आहे. सरकारनं २०२४ मध्ये लिटरला पाच रुपये अनुदान दिलंच होतं, म्हणजे रक्कम त्याच पट्टीतली. दुधातल्या फॅट आणि एसएनएफच्या (फॅटशिवायच्या घनपदार्थांच्या) प्रत्येक पॉइंटचा दर काढणाऱ्या दूध संघांना गोऱ्ह्याचा दर काढणं अवघड नाही. कायदा करणाऱ्यांनी, दुधाची पिशवी विकणाऱ्यांनी आणि ती घेणाऱ्यांनी तो वाटून घ्यायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. तोवर तो दोघांकडून वसूल होत राहणार: शेतकऱ्याकडून पैशानं आणि गोऱ्ह्याकडून जिवानं.