सुपर की बिघडलेली नसते

परभणी, सेलू, जिंतूरकडे टायपिंगच्या वर्गात इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीवर बोटं बसलेली असतात. मग जुन्या संगणकावर लिनक्स येतं, हलका म्हणून आयथ्री हा विंडो मॅनेजर येतो, आणि मराठी सुरू करताच शॉर्टकट बंद पडतात. ‘सुपर की (विंडोजच्या चिन्हाचं बटण) गेली’ हा पहिला गैरसमज. नवा कीबोर्ड आणण्याआधी मराठी चालू ठेवूनच सुपर आणि एंटर दाबा. टर्मिनल उघडलं, तर सुपर की ठणठणीत आहे.

बदललेलं असतं तिच्या जोडीचं अक्षर. आयथ्रीच्या मूळ मांडणीत सुपर आणि ‘डी’ दाबल्यावर प्रोग्रॅम शोधायची पट्टी येते. सेटिंगच्या फाइलमध्ये हा शॉर्टकट ‘बाइंडसिम’ या आज्ञेने लिहिलेला असतो, म्हणजे तो ‘डी’ हे अक्षर शोधतो. इनस्क्रिप्टमध्ये त्या बटणावर हलन्त आहे, शेजारच्या ‘एफ’वर पहिली वेलांटी. एकटी मराठीच लावली असेल, तर ‘डी’ कुठेच सापडत नाही. एंटर आणि बाणांची बटणं दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती चालतात. आकडे देवनागरीत उमटत असतील, तर सुपर आणि आकड्याने वर्कस्पेस बदलणंही अडतं.

यावर ‘इनस्क्रिप्ट सोडा, रोमनमधून मराठी लिहा’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो मला अजिबात पटत नाही. १९९१ च्या भारतीय मानकात, आयएस १३१९४ मध्ये, असलेली ही मांडणी एकदा हाताला बसली की हिंदीलाही तीच चालते. मेहनतीने कमावलेला हात एका सेटिंगपायी का मोडायचा? कीबोर्डची मांडणी लावणाऱ्या सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेला आधी ‘यूएस’ (इंग्रजी) आणि मग ‘आयएन’ (इनस्क्रिप्ट) द्या. आयथ्री पहिल्या मांडणीवरून बटणाची जागा ठरवतो, त्यामुळे मराठीतही शॉर्टकट चालतात. क्रम उलटा झाला, की अडचण परत येते. क्रमावर विसंबायचं नसेल, तर बाइंडसिमऐवजी ‘बाइंडकोड’ वापरून बटणाचा क्रमांकच लिहा. ‘डी’चा साधारणपणे ४० असतो, खात्री एक्सईव्ही या प्रोग्रॅमने करावी. आयथ्रीसारखाच स्वे हा विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांनी बाइंडसिमला ‘टू-कोड’ हा पर्याय जोडावा.

‘दोन्ही ऑल्ट सारखेच’ हेही खरं नाही. इनस्क्रिप्टमध्ये उजवं ऑल्ट तिसऱ्या पातळीची (साध्या आणि शिफ्टच्या पलीकडची) चिन्हं काढण्यासाठी राखलेलं असतं, म्हणून ऑल्टचे शॉर्टकट डाव्यानेच द्यावेत. भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्ट ठेवलं असेल, तर त्याच जोडीने सुरू होणारे शॉर्टकटही अडखळतात. भाषाबदल कॅप्स लॉकवर न्यावा.