किलोचा भाव आणि मांजराचे पोट

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे, आणि त्याच्या कोरड्या खाद्याचे पाकीट पारखण्याची सुरुवात याच गोष्टीपासून करावी लागते. माणूस किंवा कुत्रा मिश्राहारी आहे. अन्नातून एखादा घटक मिळाला नाही तर त्यांचे शरीर तो दुसऱ्या घटकापासून बनवून वेळ निभावून नेते. मांजराकडे ही सोय फार तुटपुंजी आहे. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनपासून त्याला अ जीवनसत्त्व बनवता येत नाही, ते प्राणिज अन्नातून तयारच मिळावे लागते. उन्हात बसून ड जीवनसत्त्वही पुरेसे तयार होत नाही. आर्जिनिन या अमिनो आम्लाशिवायचे एक जेवण झाले, तरी काही तासांत रक्तातला अमोनिया धोक्याच्या पातळीपर्यंत चढतो. गोड चव ओळखणारे जनुकही मांजरात निकामी झालेले आहे, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले; पेढा आणि खडू यांतला गोडाचा फरक त्याला कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा घटक टॉरिन. तो स्नायू, हृदय, यकृत, मासे यांत असतो आणि धान्यात जवळपास नसतो. टॉरिन कमी पडले की मांजराचे दृष्टिपटल झिजते, हे १९७५ मध्ये दिसून आले. त्यापुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पियॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हृदय फुगून निकामी होत चाललेल्या अनेक मांजरांच्या रक्तात टॉरिन फार कमी होते, आणि ते दिल्यावर हृदय सुधारत होते. ही मांजरे काही उकिरड्यावर जगणारी नव्हती. त्यांना बाजारातले तयार खाद्यच मिळत होते. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले. म्हणून आज पाकिटावर टॉरिनचा उल्लेखच नसेल, तर ते पाकीट कितीही स्वस्त असले तरी परत ठेवावे. कुत्र्याचे खाद्य मांजराला चालवून घेण्याची काटकसरही याच कारणाने अंगाशी येते. कुत्रा टॉरिन स्वतः बनवू शकतो, त्यामुळे त्याच्या खाद्यात ते असेलच असे नाही, आणि प्रथिनेही कमी असतात.

नागपूरच्या जुन्या वाड्यांतली मांजरे दूध-पोळीवर धडधाकट राहत, असा दाखला नेहमी दिला जातो. त्याचे श्रेय पोळीला नाही, उंदराला आहे. वाड्यातली कोठी, माळा आणि मागचे परसू यांतून मांजर आपला खरा आहार मिळवत असे, दूध-पोळी ही वरची खुशाली होती. मोकाट मांजरांच्या आहाराच्या अभ्यासात त्यांची सुमारे ५२ टक्के ऊर्जा प्रथिनांतून, ४६ टक्के चरबीतून आणि जेमतेम २ टक्के कर्बोदकांतून येते असे आढळले आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर येत नाही. तिथे दूध-पोळी म्हणजे कुपोषण, आणि बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नसल्याने वर हगवणही. नुसत्या उकडलेल्या चिकनवर वाढवलेल्या पिल्लाची हाडे कॅल्शियमअभावी ठिसूळ होतात. म्हणून बेताच्या खर्चात पोषण पूर्ण करायचे तर कोरडे खाद्य हा बहुतेक घरांसाठी व्यवहार्य पर्याय ठरतो.

हे दाणे तयार कसे होतात, ते कळले की पाकिटावरच्या बऱ्याच दाव्यांची हवा निघते. मांसाची भुकटी, धान्य, जीवनसत्त्वे आणि क्षार यांचे पीठ वाफेबरोबर एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात दाबले जाते. आत तापमान १०० अंशांच्या वर जाते, स्टार्च शिजून चिकट होतो आणि साच्याच्या भोकातून बाहेर पडताच दाब सुटल्यामुळे पीठ फुलते. पाते त्याचे तुकडे करते. ते वाळवून वरून चरबी आणि चवीचे द्रावण फवारले जाते. मांजर ज्या वासावर धावते तो हाच थर. दाणा फुलायला स्टार्च लागतोच, त्यामुळे या पद्धतीच्या कोरड्या खाद्यात कर्बोदके असणारच. ‘ग्रेन फ्री’ पाकिटात तांदूळ-मका नसतो, पण त्या जागी वाटाणा, बटाटा किंवा टॅपिओका असतो. जास्तीचे पैसे मोजून बहुधा एका स्टार्चच्या जागी दुसरा घरी येतो. दाण्यांचे लाल-हिरवे रंग आणि माशाचा आकार तर निव्वळ मालकासाठी असतात. मांजराला लाल रंग नीट दिसतही नाही.

यातला मांसाचा भाग येतो कुठून, याचे एक उदाहरण नागपूरपासून फार लांब नाही. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर गोंदियाच्या पुढे लागणाऱ्या राजनांदगावचा आयबी ग्रुप मुळात ब्रॉयलर कोंबड्यांच्या व्यवसायातला. ड्रूल्स हा पाळीव प्राण्यांच्या खाद्याचा ब्रँड त्याच घरातला. कोंबडीचा उद्योग आणि पाळीव प्राण्यांचे खाद्य यांची ही जोडी जगभर दिसते, कारण कापलेल्या कोंबडीचा सुमारे तिसरा हिस्सा माणूस खात नाही. यकृत, हृदय, मान, पाठीचा सांगाडा असा हा भाग शिजवून, चरबी काढून, वाळवून दळला की ‘चिकन मील’सारखी भुकटी तयार होते. ‘बायप्रॉडक्ट’ हा शब्द वाचून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की हृदय आणि यकृत हे टॉरिनचे उत्तम साठे आहेत. उंदीर खाताना मांजर त्याचे फक्त लेगपीस निवडत नाही.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात आणि इथे थोडी चलाखी चालते. ताज्या चिकनमध्ये जवळपास ७० टक्के पाणी असते. ‘फ्रेश चिकन’ यादीत पहिले असले, तरी वाळल्यावर त्याचे वजन मागच्या मक्यापेक्षा कमी भरू शकते. उलट ‘चिकन मील’ आधीच वाळलेले असते, त्यामुळे त्याचा पहिला क्रमांक अधिक विश्वासाचा. दुसरी क्लृप्ती म्हणजे वनस्पतिज भागाचे तुकडे. मका, मक्याचे ग्लुटेन, तांदूळ, तांदळाचा कोंडा, सोयापेंड अशी पाच नावे वेगवेगळी लिहिली की प्रत्येकाचे वजन कमी दिसते आणि चिकन पहिल्या नंबरावर जाते. पहिल्या पाच-सहा नावांत प्राणिज घटक किती आणि वनस्पतिज किती, एवढे मोजले तरी पाकिटाचा स्वभाव कळतो.

‘क्रूड प्रोटीन’चा आकडाही तितकासा भोळा नाही. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन मांसातून आला की सोयापेंडीतून, हे त्या आकड्याला माहीत नसते. २००७ मध्ये चीनहून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये नेमका हाच कच्चा दुवा वापरला गेला. प्रथिने जास्त दिसावीत म्हणून त्यात नायट्रोजनयुक्त मेलामाइन मिसळले होते, आणि त्या खाद्याने तिथली अनेक मांजरे-कुत्री मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यामुळे प्रथिनांचा आकडा घटकांच्या यादीशी ताडूनच वाचावा. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या निकषांनुसार, पाणी वगळून धरलेल्या खाद्यात मोठ्या मांजरासाठी किमान २६ टक्के आणि वाढत्या पिल्लासाठी ३० टक्के प्रथिने हवीत, चरबी दोघांनाही किमान ९ टक्के. ही तळरेषा झाली. ३० ते ३५ टक्क्यांचे आणि प्राणिज घटकांवर उभे असलेले खाद्य असेल तर बेताच्या खर्चात बरे साधले म्हणायचे. आफ्को किंवा युरोपातील फेडिआफच्या निकषांनुसार ‘कम्प्लीट’ किंवा ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असा शेरा, आणि तो कोणत्या वयासाठी आहे हे पाकिटावर असणे गरजेचे. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेले खाद्य तोंडी लावण्यापुरते असते.

आता पैशांकडे. एमआरपीच्या जोडीला किलोमागचा किंवा ग्रॅममागचा दर पाकिटावर छापलेला असतो, आणि ग्राहक तोच ताडून पाहतो. पण मांजर किलो खात नाही, ऊर्जा खाते. चार किलोच्या, नसबंदी झालेल्या घरगुती मांजराला दिवसाला साधारण २०० ते २२० किलोकॅलरी पुरतात. खाद्यातली ऊर्जा काढायचे सूत्र सोपे आहे. १०० मधून प्रथिने, चरबी, तंतू, पाणी आणि राख वजा केली की कर्बोदके उरतात. राख लिहिलेली नसेल तर ८ धरावी. मग प्रथिने आणि कर्बोदके यांच्या टक्क्यांना प्रत्येकी ३.५ ने आणि चरबीच्या टक्क्यांना ८.५ ने गुणून बेरीज केली की १०० ग्रॅममागची ऊर्जा अंदाजे हाती येते.

समजा, एका पाकिटावर प्रथिने ३०, चरबी ९, तंतू ४, पाणी १०, राख ९ असे आकडे आहेत आणि भाव किलोला ३६० रुपये आहे. कर्बोदके ३८ निघतात, ऊर्जा १०० ग्रॅमला सुमारे ३१५. दुसऱ्यावर प्रथिने ३४, चरबी १५, तंतू ४, पाणी ९, राख ८ आणि भाव ४२०. त्याची कर्बोदके ३०, ऊर्जा सुमारे ३५२. रोजच्या २१० किलोकॅलरींसाठी पहिले ६७ ग्रॅम लागते आणि दुसरे ६० ग्रॅम. म्हणजे रोजचा खर्च पहिल्याचा २४ रुपये, दुसऱ्याचा साधारण २५. किलोमागे दिसणारा ६० रुपयांचा फरक महिन्याला तीसेक रुपयांवर येतो, आणि त्या पैशांत मांजराला कमी स्टार्च, जास्त चरबी मिळते. तिसरे पाकीट ४० टक्के प्रथिने, २० टक्के चरबीचे, भाव किलोला १,२०० रुपये. ते ५५ ग्रॅमच लागेल, पण रोजचे ६६ रुपये. निरोगी मांजराला या वरच्या चाळीस रुपयांतून मिळणारा फायदा थोडा आहे. तेच पैसे लसीकरणाला आणि नसबंदीला लावलेले बरे. मूत्रपिंडाच्या किंवा मुतखड्याच्या आजारातले खास खाद्य हा मात्र उपचाराचा भाग आहे, तिथे पर्याय डॉक्टरांना विचारूनच बदलावा. सेमिनरी हिल्सवरचे १९५८ पासूनचे नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय हा अशा सल्ल्यासाठी शहरातला हक्काचा पत्ता.

खर्चाचा सर्वात मोठा गळका नळ वाटीत असतो. नसबंदीनंतर मांजराची ऊर्जेची गरज पाव हिश्श्याच्या आसपास घटते, भूक मात्र वाढते. वाटी कायम भरून ठेवण्याच्या सवयीने मांजर लठ्ठ होते आणि पाकीट आठवडाभर आधी संपते. अंदाजपंचे मुठीऐवजी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दिवसाचे दाणे एकदाच तोलून काढावेत आणि ते तीन-चार वेळा वाटून द्यावेत. उकडलेले अंडे किंवा हाड-मसाल्याविना चिकन वरून द्यायला हरकत नाही, पण एकूण ऊर्जेच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. कांदा-लसूण घातलेला रस्सा अजिबात नको, तो मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो.

मोठे पाकीट स्वस्त पडते हे खरे, पण नागपूरच्या हवेत त्याला मर्यादा आहे. रोज ६० ग्रॅम धरले तर तीन किलोचे पाकीट एका मांजराला ५० दिवस पुरते, सात किलोचे जवळपास चार महिने. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की दाण्यांवरची चरबी लवकर खवट होते आणि जीवनसत्त्वेही घटतात. कूलर लावलेल्या खोलीतली ओल आणखी वाईट; उघड्या पाकिटातले दाणे पापडासारखे सादळतात. पाणी शोषलेल्या दाण्यावर बुरशी धरते, आणि काही बुरशींचे अफ्लाटॉक्सिन यकृत खराब करते. दाणे उन्हात वाळवल्याने हे विष जात नाही. म्हणून एका मांजराच्या घरात पाकीट सहा आठवड्यांच्या आत संपेल एवढेच आणावे. दाणे डब्यात ओतण्याऐवजी मूळ पाकीट तोंड घट्ट मिटून डब्यात ठेवले की बॅच क्रमांक आणि मुदतही हाताशी राहते. दुकानात पोत्यातून काढून साध्या प्लास्टिकच्या पिशवीत किलोवर विकले जाणारे सुटे खाद्य यासाठीच टाळावे. त्याची मुदत, घटक आणि ते किती दिवस उघडे होते, काहीच कळत नाही.

कोरड्या खाद्याची खरी उणीव पाण्याची आहे. ६० ग्रॅम दाण्यांतून मांजराला जेमतेम पाच-सहा मिलिलिटर पाणी मिळते, आणि रोजची गरज असते दोनशेच्या आसपास. घरमांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरे; तहान उशिरा लागणे हा त्यांचा वारसा. त्यातून लघवी घट्ट होते, खडे धरतात, आणि बोक्याची मूत्रनलिका अरुंद असल्याने ती पूर्ण तुंबू शकते. बोका वारंवार वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन जोर करतो आणि लघवी होत नाही, ही त्याच दिवशी डॉक्टर गाठण्याची वेळ. उपचाराचा खर्च वर्षभराच्या काटकसरीला गिळू शकतो. घरात दोन-तीन ठिकाणी पसरट वाट्यांत ताजे पाणी, दाण्यांवर कोमट पाणी शिंपडणे आणि परवडेल तेव्हा ओल्या खाद्याचा एखादा पाऊच, हा उपाय स्वस्तातला. ८० ग्रॅमच्या पाऊचमध्ये साठ मिलिलिटरहून अधिक पाणी असते. भिजवलेले दाणे उन्हाळ्यात तासाभरात उचलून टाकावेत.

नवीन खाद्य एकदम बदलू नये. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवे, मग निम्मे, मग पाऊण, अशा रीतीने आठ-दहा दिवसांत बदल करावा. ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मांजराच्या बाबतीत धोक्याचा आहे. दोन-तीन दिवस पोटात काहीच गेले नाही तर, विशेषतः लठ्ठ मांजरात, शरीरातली चरबी यकृतात साचून ते बंद पडू लागते. एक दिवस पूर्ण उपाशी गेला की जुने खाद्य परत द्यावे. दोन महिन्यांनी वजन स्थिर, केस तुळतुळीत, शी घट्ट आणि फार वास न येणारी असेल, तर निवडलेले खाद्य त्या मांजराला मानवले.