लाव्ह्याला पाण्याचा बांध

तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडले की चर्र आवाज होतो, पाण्याची वाफ होते आणि तवा निवतो. हे तुम्ही घरी पाहिलेच असेल. हाच साधा उपाय एका बेटावरील लोकांनी चक्क ज्वालामुखीवर केला, असे सांगितले तर खरे वाटेल का?

आइसलँडच्या दक्षिणेस हेमेय नावाचे लहानसे बेट आहे. २३ जानेवारी १९७३ रोजी रात्री दोनच्या सुमारास तेथील गावाच्या पूर्वेस जमीन दुभंगली. सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या भेगेतून लाव्ह्याची कारंजी उडू लागली. बेटावर सुमारे ५,३०० माणसे होती. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी सुदैवाने बंदरातच थांबल्या होत्या. त्यांतून बहुतेक सर्वजण काही तासांतच मुख्य भूमीकडे सुखरूप रवाना झाले.

माणसे वाचली, पण बेटाचे पोट मासेमारीवर अवलंबून होते आणि लाव्हा तर बंदराच्या तोंडाकडेच सरकत होता. ते तोंड बुजले असते तर गावकऱ्यांनी परतायचे कशासाठी? तेव्हा थोर्ब्यर्न सिगुर्गेइर्सन या भौतिकशास्त्रज्ञाने समुद्राचे पाणी लाव्ह्यावर सोडण्याचा उपाय सुचविला.

तुम्ही विचाराल, लाव्हा समुद्रात शिरतच होता, मग तो आपोआप का थिजला नाही? याचे कारण असे की, खडक हा उष्णतेचा दुर्वाहक आहे. लाव्ह्याचा पृष्ठभाग थंड होऊन त्यावर कवच धरते. परंतु आतील लाव्हा सुमारे १,०५० अंश सेल्सिअस तापमानाला वाहतच राहतो. म्हणून पंप व नळ लावून पाणी प्रवाहाच्या पाठीवर सोडण्यात आले. भेगांतून ते खोल झिरपू लागले.

आता हिशेब पाहा. ५ अंशांचे १ ग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत तापताना सुमारे ९५ कॅलरी उष्णता घेते; पण त्याची वाफ होताना आणखी सुमारे ५४० कॅलरी घेते! बाष्पनाचा हा अप्रकट उष्माच येथे कामी आला. सुमारे ६२ लाख घनमीटर पाण्याने सुमारे ४२ लाख घनमीटर लाव्हा थिजविला. थिजलेल्या खडकाचा बांध मागून येणाऱ्या लाव्ह्याला अडवू लागला.

अर्थात सारे श्रेय पाण्याला देता येणार नाही. उद्रेकाचा जोरही हळूहळू ओसरत गेला आणि ३ जुलै रोजी तो संपल्याचे जाहीर झाले. विषारी वायूने एकाचा बळी घेतला, सुमारे ४०० घरे नष्ट झाली; पण बंदर वाचले. एवढेच नव्हे, तर नव्या खडकामुळे ते वादळी लाटांपासून अधिक सुरक्षित झाले. बहुसंख्य लोक परतले.

परतल्यावर त्यांनी काय केले? दुर्वाहक कवचाखाली लाव्ह्यात उष्णता अजून कोंडलेली होती. तिच्यावर पाणी तापवून त्यांनी पुढे कित्येक वर्षे आपली घरे उबदार ठेवली. ज्या गुणामुळे लाव्हा आवरेना, तोच गुण शेवटी त्यांच्या उपयोगी पडला!