फोडणीचा धूर मोजणारा संगणक

कढईत मोहरी तडतडली, वर सुक्या मिरच्या पडल्या आणि बाहेरच्या खोलीतल्या लहानशा पडद्यावरचा आकडा चढू लागला. तो आकडा होता हवेतल्या ‘पीएम २.५’ कणांचा, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांचा. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. त्याच्या विसाव्या भागाहूनही बारीक असलेले हे कण नाकात न अडकता फुफ्फुसात खोलवर जातात. घरात कुणाला दमा असेल तर या आकड्याकडे लक्ष ठेवायला हवे.

असे यंत्र हौशी माणसाला घरी जोडता येते. त्याचा मेंदू म्हणजे ‘रास्पबेरी पाय’. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे म्हणून ब्रिटनमध्ये २०१२ साली बाजारात आलेला, क्रेडिट कार्डाएवढा संगणक. त्याच्या कडेला आता ४० पिना असतात. त्यांना सेन्सर, दिवे, मोटारी जोडता येतात.

पहिली चूक इथेच होते. स्वस्तात मिळतो म्हणून अनेक जण ‘एमक्यू-१३५’ हा सेन्सर घेतात. तो अमोनिया, अल्कोहोल, धूर अशा सगळ्यांनाच प्रतिसाद देतो, पण नेमके काय आहे ते सांगू शकत नाही. शिवाय तो ५ व्होल्टवर चालतो आणि ‘पाय’च्या पिना फक्त ३.३ व्होल्ट सोसतात. सरळ जोडला तर संगणकच जायचा.

धुलिकणांसाठी ‘एसडीएस०११’सारखा लेझर सेन्सर बरा, तो यूएसबीनेही जोडता येतो. आतला पंखा हवा ओढतो, लेझरच्या झोतात कण आला की प्रकाश विखुरतो आणि त्यावरून कणांची संख्या व आकार ठरतो. म्हणजे सेन्सर कण वजन करत नाही; कणांची घनता गृहीत धरून वजनाचा अंदाज बांधतो. सरकारी केंद्रांवरच्या यंत्रांत कण फितीवर गोळा होतात आणि बीटा किरण किती अडले यावरून त्यांचे वजन निघते. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर नवल नाही.

आपल्याकडे तर पावसाळा आडवा येतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सरला ते मोठे दिसतात. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की आकडा फुगवलेला समजावा. कोकणात जुलैमध्ये ‘हवा फार खराब’ असे दिसले तर घाबरण्याआधी खिडकीबाहेर बघा.

आणखी एक घोळ मर्यादांचा. भारतीय मानकानुसार पीएम २.५ची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१पासून १५. पण हे दोन्ही आकडे २४ तासांच्या सरासरीचे आहेत. फोडणीच्या दोन मिनिटांचा आकडा त्यांच्याशी ताडून डॉक्टरांकडे धावू नये. या सेन्सरचा खरा उपयोग तुलनेत आहे: एक्झॉस्ट लावून आणि न लावता, उदबत्तीच्या आधी आणि नंतर, बंद खोलीत डासांची कॉइल जाळली त्या रात्री आणि मच्छरदाणी लावली त्या रात्री. माझ्या घरी सर्वात जास्त वाद कॉइलवरून झाला. शेवटी ती गेली.

सेन्सर सतत चालू ठेवू नका. त्यातल्या लेझरचे आयुष्य सुमारे ८ हजार तास, म्हणजे जेमतेम अकरा महिने. दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट चालेल असा प्रोग्रॅम लिहिला तर तोच नऊ वर्षे पुरेल. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: याला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने हवा विषारी झाली तरी पडद्यावरचा आकडा हलणार नाही. तिथे खिडकी उघडीच हवी, आणि गिझर न्हाणीघराबाहेर बसवला तर उत्तमच.