चार ऋतूंची बाग

पुण्याची एम्प्रेस गार्डन म्हणजे जानेवारीतले पुष्पप्रदर्शन, अशी माझी वर्षानुवर्षांची समजूत. काचबिंदूने दृष्टी गेलेल्या आईलाही मी एकदा हौसेने तिथे नेले. गर्दीत चार पावले टाकून ती म्हणाली, "अरे, नुसते माणसांचेच आवाज येताहेत. बाग कुठे आहे?"

तो प्रश्न मनाला लागला. तेव्हापासून दर ऋतूत आम्ही दोघे जाऊ लागलो. १८७७ साली हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झालेल्या व्हिक्टोरिया राणीच्या किताबावरून बागेला हे नाव मिळाले. पण ३९ एकरांच्या या बागेत थोडे आत शिरावे, की राणीही विसरते नि राजधानीही. उरते ते जुने रान! गारंबीच्या अजस्र वेली झाडांवर चढल्या आहेत. एकीवरून हात फिरवून आई म्हणाली, "हा तर अजगरच की रे!" मी खाली पडलेली हातभर लांब शेंग तिच्या हाती दिली. लहान मुलासारखी तिने ती खुळखुळवून पाहिली.

श्रावणात ओढ्याला पाणी आले, की ती पुलाशी थबके आणि कान देऊन उभी राही. माघ-फाल्गुनात पायांखाली वाळकी पाने चुरचुरत. "झडलं वाटतं सगळं," ती हळूच म्हणे.

यंदा चैत्रात गेलो. एका झाडाखाली ती एकाएकी थांबली. म्हणाली, "पालवी आली रे. सावली गार लागतेय."

मी वर पाहिले. डोळे असून मला ते तिने सांगावे लागले!