वय अधिक शंभर

‘वरचं प्रेशर वय अधिक शंभर इतकं चालतं’ हा हिशेब मराठी घरांत अजून टिकून आहे. म्हणजे सत्तरीला १७०, ऐंशीला १८०. बंगळुरूच्या इंदिरानगरात मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेल्या आई-वडिलांच्या तोंडीही तो असतो. वयाबरोबर धमन्या कडक होतात आणि वरचा आकडा चढतो, हे खरं. पण चढतो म्हणून तो चालतो, असं मात्र नाही. ऐंशी व त्यापुढच्या वयाच्या ३,८४५ रुग्णांवर झालेल्या ‘हायव्हेट’ चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाब १५०/८० पर्यंत आणायचं लक्ष्य ठेवून ज्यांना औषध दिलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण २१ टक्क्यांनी घटलं आणि हार्ट फेल्युअरचं ६४ टक्क्यांनी. तेव्हा ‘या वयात आता गोळ्या कशाला’ या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं आहे. फक्त रक्तदाब बसून मोजला तसा उभं राहूनही मोजून घ्यावा. उठताना तो एकदम उतरत असेल तर चक्कर येते, आणि माणूस पडतो.

पडण्याची धास्ती घेतलेली मुलं पहिलं काम करतात ते फिरायला जाणं बंद करण्याचं. शंभर फुटी रस्त्यावरची वर्दळ पाहता त्यांचं अगदीच चुकतं असं म्हणवत नाही. पण म्हातारी माणसं बहुतेक वेळा घरातच पडतात. ओली न्हाणीघरं, पायाशी गुंडाळणारं पायपुसणं, रात्री दिवा न लावता लघवीला उठणं, झोपेची गोळी. फिरणं थांबलं की मांड्यांचे स्नायू विरघळू लागतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. गुडघ्यांचंही तेच. ‘बंगळुरूची थंड हवा मानवत नाही’ ही तक्रार नेहमीची. गारव्यात सांधे आखडल्यासारखे वाटतात, पण झीज हवेमुळे होत नाही. वजन आणि दुबळे स्नायू हे त्यातले मोठे वाटेकरी, आणि दोन्हींवर उपाय हालचालीचाच.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज मात्र डोक्याविषयीचा आहे. कालपर्यंत पेपर वाचणाऱ्या आजी आज अचानक असंबद्ध बोलू लागल्या, दिवसा झोपाळलेल्या आणि रात्री जाग्या, तर घरचे म्हणतात, ‘वय झालं, विसरायला लागल्या.’ विसरण्याचा आजार असा एका रात्रीत येत नाही. तो महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं सरकत येतो. दोन दिवसांत झालेला गोंधळ म्हणजे शरीरात दुसरीकडे काहीतरी बिघडल्याची खूण. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, साखर उतरणं, नवी गोळी, किंवा सोडियम घसरणं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आणि जेवणातलं मीठही जवळजवळ बंद, अशा घरांत सोडियमची शंका आधी घ्यावी. म्हातारपणी जंतुसंसर्गात ताप येईलच असंही नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं तर बहुतेकदा हा गोंधळ निवळतो.

हळूहळू येणारं विस्मरणसुद्धा सरसकट डिमेन्शिया नसतं. शाकाहारी जेवण, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी पित्ताची गोळी, हे त्रिकूट आपल्या घरांत सर्रास दिसतं. तिन्हींमुळे बी-१२ कमी पडू शकतं. मग मुंग्या येतात, तोल जातो, स्मरणशक्ती मंदावते. थायरॉइड आणि नैराश्यही असंच फसवतात. म्हातारपणीचं नैराश्य रडण्यापेक्षा अंगदुखी आणि ‘भूक नाही’ या भाषेत बोलतं. आपलं गाव, आपली शेजारीण, आपली भाषा सोडून आलेल्या माणसाच्या बाबतीत ही शक्यता तरी नजरेआड करू नये.

आणि ‘साठी बुद्धी नाठी’? देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे. म्हणजे बाकीच्या नव्वदाहून अधिक टक्क्यांची बुद्धी कुठे नासलेली नाही. याच संदर्भात एक लोभस निष्कर्ष आहे. हैदराबादच्या ६४८ रुग्णांच्या अभ्यासात, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शियाची लक्षणं साधारण साडेचार वर्षं उशिरा दिसली. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. आता त्या बंगळुरूच्याच ‘निम्हान्स’ या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेत आहेत. सत्तरीत कन्नड शिकून तेवढाच लाभ होईल, असं यातून सिद्ध होत नाही. पण भाजीवाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस करायला कुणाची हरकत आहे?

हार्ट अटॅक म्हणजे छातीत कळ, हे चित्र सिनेमाने पक्कं केलंय. वयस्कांत, त्यातही मधुमेहींत, नुसती धाप, घाम, मळमळ किंवा एकाएकी आलेला थकवा एवढंच असू शकतं. गॅस समजून सोडा पीत बसण्यात मोलाचे तास जातात.

इंदिरानगरातल्या मराठी ज्येष्ठांपैकी अनेकजण सहा महिने इथे, सहा महिने पुण्या-नाशिकला असतात. डॉक्टर दोन, दुकानं दोन. एकच औषध इथे एका नावाने, तिथे दुसऱ्या नावाने मिळतं आणि दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी संपत राहतात. म्हणून तपासणीला जाताना चिठ्ठी पुरत नाही. चूर्णं, काढे, झोपेची अर्धी गोळी, सगळ्यासकट पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी करावी आणि पाकिटावरचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचून घ्यावं. कधीकधी चक्करेचं कारण त्या पिशवीतच सापडतं.